एकच गिटार, तीन तऱ्हेचं वाजवणं : आराखड्यावर मतं हवीत

रंधा

मंडळी, नवी अकूस्टिक गिटार घडवायला घेतोय. लाकूड कापायच्या आधी आराखडा इथे टाकतो. एकदा साइड वाकवून झाल्या की सल्ल्यांचा उपयोग नसतो.

ज्याच्यासाठी घडवतोय तो गडी तीन तऱ्हेने वाजवतो. घरी बसून बोटांनी, नखांनी, म्हणजे फिंगरस्टाइल. भावगीत-अभंगांच्या कार्यक्रमांत गायकाला साथ. आणि मित्र जमले की पिक घेऊन दणकून स्ट्रमिंग. तीन गिटारी ठेवायला त्याच्याकडे जागा नाही (असं त्याची बायको म्हणते). म्हणून एकच हवी, पण तिन्हीला पुरणारी.

मूळ साचा मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीच्या ओएमचा, म्हणजे ऑर्केस्ट्रा मॉडेलचा घेतलाय. 1929 साली अटलांटाच्या पेरी बेक्टेल या बॅन्जोवादकाने मार्टिनकडे लांब नेकची गिटार मागितली. त्यांच्या 000 मापाच्या गिटारीचा नेक तेव्हा बाराव्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) बॉडीला मिळायचा. कंपनीने बॉडीचे खांदे दाबून आखूड केले आणि चौदा फ्रेट बॉडीबाहेर काढले. बॅन्जोवाल्यासाठी केलेला हा बदल पुढे फिंगरस्टाइलवाल्यांनी उचलला, आणि आज जगभरचे कारागीर याच मापात फेरफार करत बसलेले असतात.

मापं अशी : बॉडीची सगळ्यात रुंद जागा 381 मिमी, शेपटाकडे खोली 105 मिमी, स्केल (तारेची वाजणारी लांबी) 645 मिमी, नटची (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) रुंदी 44.5 मिमी. उजवीकडे कटअवे, म्हणजे वरच्या फ्रेटपर्यंत हात जावा म्हणून बॉडीला खाच. टॉप (वरची फळी) युरोपियन स्प्रूसचा, बॅक आणि साइड शिसवीच्या. नेक बोल्टवर.

आता फोडून काढा.

सोनचाफा

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

एक शंका. माझ्याकडे 000 आहे, स्केल 632 मिमी. तारा मऊ लागतात, बोटं दुखत नाहीत. साथीला आणि घरगुती वाजवण्याला आखूड स्केलच बरं ना? तेरा मिमीने असा काय फरक पडणार?

खडूस

एक गिटार सगळ्यासाठी म्हणजे कशासाठीच नाही. एक जुनी ड्रेडनॉट (मोठ्या बॉडीची) घ्या आणि एक नायलॉन. दोन्ही मिळून तुमच्या शिसवीपेक्षा स्वस्त पडतील.

रंधा

@खडूस, पैशांचा हिशोब कबूल. पण जुनी ड्रेडनॉट घेण्यात माझी करमणूक काय? :)

@सोनचाफा, फार नेमका प्रश्न. खरं तर अख्खा आराखडा मी याच प्रश्नापासून सुरू केला. लाकूड कोणतं हा सवाल नंतरचा. आधी विचारायचं की गाणारा कुठल्या पट्टीत गातो.

आमचे गायक काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी, म्हणजे सी शार्प) गातात. त्यांच्यामागे हा गडी डॅडगॅडमध्ये वाजवतो. म्हणजे जाड तारेपासून बारीककडे डी-ए-डी-जी-ए-डी. डीला षड्ज धरला तर हेच सा-प-सा-म-प-सा झालं. गंधार कुठेच नाही, त्यामुळे राग कुठलाही असो, खुल्या तारा फारशा आड येत नाहीत. पण हा षड्ज पांढरी दोनचा. काळी एक हवी तर सगळी गिटार अर्धा स्वर खाली आणावी लागते. नेहमी ईवर असणारी सहावी तार मग सी शार्पवर येते, म्हणजे तीन अर्धस्वर खाली. तार तीच ठेवली तर तिचा ताण सुमारे 29 टक्के कमी होतो. जोरात छेडली की फ्रेटवर आपटते, सूर आधी चढतो आणि मग खाली बसतो. गायक मागे वळून बघतो.

आता स्केल. तोच सूर, तीच तार असेल तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 632 वरून 645 ला गेलं की चार टक्के ताण परत मिळतो. आकडा छोटा वाटेल, पण ढिल्या तारेवर हाताला कळतो. बाकीची भर 13–56 चा जाड सेट लावून काढता येते (आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेचे, इंचाच्या हजारांशात). आखूड स्केलवर तेवढाच ताण हवा तर याहूनही जाड सेट लागेल, आणि मग फिंगरस्टाइलला वरच्या तारा नको तितक्या जाड होतात.

दुसरी बाजू स्त्री-गायिकांची. त्यांची पट्टी साधारण काळी चार, पांढरी पाच अशी कुठेतरी. काळी एकवर लावलेल्या गिटारीला पांढरी पाचसाठी सहाव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लागतो. नेक बाराव्या फ्रेटला मिळत असेल तर कॅपोपुढे मोकळे उरले सहा फ्रेट. त्यात अंतऱ्याला काय वाजवणार? चौदाव्याला मिळत असेल तर आठ. कटअवे असेल तर विसाव्या फ्रेटपर्यंत, म्हणजे कॅपोपासून सप्तकाच्याही वर. आपल्या साथीसाठी कटअवे हवा तो यासाठी. नुसता दिखावा असता तर साइडची ती वेडीवाकडी घडी मी केलीच नसती, कटअवे वाकवताना शिसवी चिरकते.

तंबोरेवाला

मिरजेहून. आमच्या घरी सतारी-तंबोरे होतात, गिटार फक्त दुरुस्तीला येते. तरी बोलतो.

पट्टीपासून सुरुवात केलीत हे आवडलं. आमच्याकडेही तंबोरा घ्यायला कोणी आलं की आधी हेच विचारतात, गाणारा पुरुष की बाई, पट्टी कुठली. त्यावरून भोपळा आणि दांडीची लांबी ठरते. लाकूड तूणचंच, त्यावर चर्चा नाही.

पण एक अडचण तुमच्या आराखड्याने सुटत नाही. सतारीचे पडदे सरकवता येतात, तुमचे फ्रेट गाडलेले. गिटारीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. षड्जापासून तुमचा 400 सेंटवर (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट), आमचा 386 वर. चौदा सेंट हा फरक गवयाच्या कानाला टोचतो. अभंगात "विठ्ठल"वर गंधार लांबवला आणि मागून मेजर कॉर्ड आला की झालं.

रंधा

तंबोरेवाले, अगदी खरं. आणि यावर लाकडात उपाय नाही. वेडेवाकडे फ्रेट लावून गंधार बरोबर करता येतो, पण तो एका पट्टीपुरता. कॅपो सरकवला की सगळं बिघडतं. म्हणून उपाय वादकाकडेच : साथीत पूर्ण मेजर कॉर्ड टाळायचा, सा-प धरून ठेवायचा, गंधार गायकाला सोडायचा. डॅडगॅड त्यासाठीच.

नवशिक्या_23

सर मस्त माहिती. स्प्रूसच का? माझ्या गिटारवर सीडर टॉप आहे, खूप गोड वाजते.

रंधा

सीडर गोड वाजतेच. हलक्या बोटाला लगेच बोलते. फक्त फिंगरस्टाइलसाठी घडवत असतो तर विचार केला असता. पण पिक घेऊन जोर लावला की सीडरचा आवाज एका मर्यादेनंतर वाढत नाही, नुसता चेपतो. स्प्रूसला वर जागा असते. तिन्ही कामांतलं सगळ्यात दांडगं काम स्ट्रमिंगचं, टॉपचं लाकूड त्याच्या हिशोबाने निवडायचं आणि बोटांसाठीचा हलकेपणा ब्रेसिंगमधून (टॉपखालच्या आधाराच्या पट्ट्यांतून) मिळवायचा, असा माझा बेत आहे.

त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी मजा इथे आहे. 12–53 च्या सेटची एकूण ओढ 73 किलोच्या आसपास असते. एक धडधाकट माणूस ब्रिजला (तारा अडकवलेला टॉपवरचा लाकडी तुकडा) कायमचा लटकलाय असं समजा. ही ओढ झेलायची, आणि तरी तीनेक मिमी जाडीची फळी करंगळीच्या स्पर्शाने थरथरली पाहिजे. त्यासाठी टॉपच्या आतून एक्स आकारात पट्ट्या चिकटवतात. मार्टिन कंपनी ही पद्धत 1840 च्या दशकापासून वापरतेय. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या, पुढे स्टीलच्या तारा आल्या तेव्हा हीच रचना कामी आली.

पट्टीचा कडकपणा तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी अर्धी केली तर कडकपणा अर्धा होतो. उंची मात्र 15 मिमीवरून 12 वर आणली, म्हणजे फक्त तीन मिमी रंधा मारला, तरी कडकपणा जवळजवळ अर्धा होतो. शेवटचे काही पापुद्रे काढताना हात जपून चालवायचा तो यामुळे. मी पट्ट्या 8 मिमी रुंद ठेवणार, एक्सच्या मध्यावर उंच आणि कडांकडे निमुळत्या करत नेणार. मधे खोलगट खाचे पाडायचे नाहीत. खाच्यांनी बास मोकळा होतो हे खरं, पण जाड सेट लावून खाली उतरवलेल्या गिटारीला तो सैलपणा नको. कडेला टॉप 2.6 मिमीपर्यंत पातळ, मधे 2.9. अंतिम आकडा त्या विशिष्ट फळीला वाकवून बघितल्यावर ठरेल. एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या नसतात.

एडिसनकर

न्यू जर्सीतून सलाम. मार्टिनचा कारखाना पेनसिल्व्हेनियात नाझरेथला आहे, आमच्याकडून गाडीने साधारण दीड तास. कारखाना बघता येतो, शेजारी त्यांचं म्युझियम. इथे येणाऱ्या पाहुण्यांना नायगारा आणि आउटलेट मॉलच दाखवतात, गिटारवाला पाहुणा असेल तर इकडे आणा.

ड्रेडनॉटबद्दल थोडी भर. ती आधी 1916 मध्ये डिटसन या वाद्यं विकणाऱ्या कंपनीसाठी केलेली. मार्टिनच्या स्वतःच्या नावाने ती आली 1931 मध्ये, म्हणजे ओएमच्या नंतर. गर्दीत गाणाऱ्याच्या मागे ऐकू जावी म्हणून ती मोठी, खोली 124 मिमी. माईक आल्यावर ते कारण उरलं नाही, तरी सवय राहिली.

आणि शिसवीबद्दल. मार्टिन 1969 पर्यंत ब्राझीलचं रोझवूड वापरत असे, नंतर भारतीय रोझवूडवर आले. म्हणजे आपला शिसव. सह्याद्री-निलगिरीतलं लाकूड पेनसिल्व्हेनियाला जातं, तिथून गिटार होऊन पुण्याच्या शोरूममध्ये लाखात परत येतं. ब्राझिलियन झाडाला 1992 पासून साइट्समध्ये (दुर्मिळ प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सर्वांत कडक संरक्षण आहे. 2017 च्या जानेवारीपासून जगभरातले बाकीचे सगळे रोझवूड त्याच्या दुसऱ्या यादीत टाकले, तेव्हा गिटार घेऊन विमानात बसायची लोकांना धास्ती वाटे. 2019 अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. ती सूट ब्राझिलियनला नाही, हे सेकंडहँड घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

वऱ्हाडी ठेचा

रंधाभाऊ, हे सगळं पुण्यात ठीक आहे. आमच्या अकोल्यात मे महिन्यात गिटार आणून दाखवा! माझ्या गिटारीचा टॉप ब्रिजच्या मागे रेघेत उभा फाटला. दुकानदार म्हणाला "वाजवणं कमी होतं म्हणून". हा काय डोस्क्याचा भाग झाला का?

रंधा

वाजवण्याशी काही संबंध नाही, दुकानदाराने हात झटकले. लाकूड आडव्या अंगाने आकसतं, उभ्या अंगाने जवळजवळ नाहीच. दमट हवेत चिकटवलेला टॉप कोरड्यात आकसू पाहतो, पण खालच्या पट्ट्यांची उभी रेघ टॉपच्या रेघेला आडवी गेलेली असते आणि त्या हलू देत नाहीत. मग टॉप स्वतःच फाटतो. पावसाळ्यात याच्या उलट. टॉप फुगतो, ब्रिज वर येतो, तारा उंच होतात आणि लोक सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) घासून ठेवतात. दिवाळीनंतर तीच गिटार खडखडायला लागते.

म्हणून टॉपला पट्ट्या चिकटवायचं काम मी 45 टक्के आर्द्रतेच्या जवळपास करतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी 20–25 टक्के असते, जुलैत 85 च्या वर. पावसाळ्यात बंद खोली आणि डिह्युमिडिफायर, नाहीतर सरळ नोव्हेंबरची वाट बघायची. टॉप सपाट न ठेवता अगदी किंचित घुमटासारखा बाक देतो, म्हणजे आकसला तरी आधी बाक कमी होतो, चीर नंतर. नेक बोल्टवर घेतलाय तोही याचसाठी. काही वर्षांनी कोन बदलावा लागलाच तर चार पाने आणि दुपारचा चहा एवढंच लागेल, वाफेने सांधा उकलायला नको.

तुमच्या चिरेसाठी : गिटार ओल्या स्पंजच्या सछिद्र डबीसकट केसमध्ये काही दिवस ठेवा, चीर मिटू द्या, मग आतून गोंद आणि छोटे ठोकळे. उघड्या चिरेत भुसा-फेव्हिकॉल भरू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

मडगांवचो

गोंयांतून. मी लग्नात, हॉटेलांत वाजवतो, मांडो असो की बॉलिवूड. माझी अडचण वेगळी : स्टेजवर मोठ्या बॉडीची गिटार मॉनिटरसमोर भोंग्यासारखी ओरडते. ओएमची खोली कमी, त्यामुळे ती ऐकते. रंधाबाब, तुम्ही पिकअप (गिटारीचा आवाज स्पीकरकडे नेणारा) कुठला घालताय? सॅडलखालचा पिएझो असेल तर बोटांनी वाजवताना ठीक, पण स्ट्रमिंगला त्याचा आवाज पत्र्यासारखा येतो. मी ब्रिजच्या खाली टॉपला आतून चिकटणारा वापरतो.

दुसरं, फणस का नाही? कोकणात आणि आमच्याकडे चिकार मिळतो.

रंधा

पिकअप तुम्ही म्हणता तोच, टॉपला चिकटणारा. त्याला फीडबॅक (स्पीकरसमोरची ती ओरड) जास्त, पण हलक्या बोटाचं बारीक काम तोच पकडतो.

फणस उत्तम. तंजावरच्या वीणा फणसाच्याच होतात. वजन महोगनीच्या आसपास, त्यामुळे आवाज कोरडा आणि सुटा येईल, शिसवीचं मागे रेंगाळणारं गुंजन कमी. स्ट्रमिंगला तो कोरडेपणा फायद्याचा, साथीला मला गुंजन हवंय. पुढची गिटार फणसाची करायचा मोह आहे. फक्त नीट सुकलेली आणि उभ्या वलयांची फळी हवी, आणि वखारीत मिळणारा माल बहुतेक वेळा ओला असतो.

साग कोणी विचारणार असेल तर आधीच सांगतो : तेलकट आहे. चिकटवायच्या आधी अ‍ॅसिटोनने पुसावा लागतो. आणि आवाजाला सुस्त.

सोनचाफा

स्केलचं पटलं. आता अंगाचं बोला. मी पाच फूट, ड्रेडनॉट मांडीवर घेतली की उजवा खांदा कानाला लागतो. तुमच्या 105 मिमीनेही थोडा त्रास होईल असं वाटतं.

रंधा

ओएमची कंबर बारीक, मांडीत बसते, खांदा ड्रेडनॉटइतका उचलावा लागत नाही. तरी हवं असेल तर टोरांटोच्या लिंडा मॅन्झर यांची युक्ती आहे. जाड तारांच्या बाजूला बॉडी पातळ, बारीक तारांच्या बाजूला जाड. आतली हवा साधारण तेवढीच राहते, दंड मात्र खाली येतो. जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीसाठी 42 तारांची गिटार त्यांनीच घडवली होती, 1984 मध्ये, तिलाही हाच उतार आहे. तुमच्यासाठी घडवली तर नक्की करेन. या गड्याचे हात लांब आहेत.

तंबोरेवाला

एक विचारायचं राहिलं. तुमची सहावी तार मंद्र सी शार्प, म्हणजे 69 हर्ट्झच्या आसपास. एवढी छोटी बॉडी तो सूर देते का?

रंधा

मूळ कंपन जवळजवळ देत नाही. बहुतेक स्टील तारांच्या गिटारींत बॉडीतल्या हवेचा स्वतःचा सूर 90 ते 110 हर्ट्झच्या मधे असतो. त्याच्या खालचं कान वरच्या स्वयंभू स्वरांवरून (मूळ सुरासोबत आपोआप उमटणाऱ्या) जुळवून घेतो. म्हणून खर्जाच्या मागे लागून खोली वाढवत नाही.

जपायचं वेगळंच आहे. अर्धा स्वर उतरवल्यावर पाचवी खुली तार, म्हणजे आपला पंचम, 103.8 हर्ट्झवर येतो. हवेचा सूर नेमका तिथे बसला तर तेवढा पंचम घुमेल आणि षड्ज बापडा दिसणार नाही. साउंडहोल मोठं केलं की हवेचा सूर चढतो, लहान ठेवलं की उतरतो. नेहमीचा व्यास 98 मिमीच्या आसपास असतो. मी 95 ने सुरुवात करणार, बॉडी बंद झाल्यावर मोजणार आणि लागलं तर कानसीने वाढवणार. उलटं करता येत नाही.

तंबोरेवाला

हे बरं. आमच्या जवारीचंही (तंबोऱ्याच्या घोडीच्या घासकामाचंही) तसंच, घासलेलं हाड परत भरता येत नाही. सॅडल हाडाचंच ना?

रंधा

हाडाचंच. ब्रिजवर तारांमधलं अंतर पहिली ते सहावी 55.5 मिमी. फिंगरस्टाइलवाले 57 मागतात, पिकवाल्यांना 54 पुरतं. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड बाजूला 2.4, बारीक बाजूला 1.8. दोन सॅडल करून देणार, एक ताणासाठी थोडं उंच, कार्यक्रमाच्या दिवशी बदलायला.

खडूस

म्हणजे शेवटी दोन सॅडल, दोन प्रकारचे तारांचे सेट आणि दोन ट्यूनिंग. मी म्हटलं होतं दोन गिटारी घ्या.

रंधा

दोन सॅडल खिशात मावतात हो.

नवशिक्या_23

सर शेवटचा प्रश्न, थोडं अवांतर. माझ्याकडे दुसरी एक नायलॉनची आहे, दुकानात तिला स्टीलच्या तारा लावून दिल्या. आवाज मोठा येतो. पण ब्रिजच्या मागे कागद आत जाईल एवढी फट दिसते. चालेल ना?

रंधा

आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर सगळ्या तारा ढिल्या करा. नायलॉनच्या सेटची ओढ 40 किलोच्या आसपास, टॉप तेवढ्यासाठीच घडवलेला असतो. तुम्ही त्यावर पाऊणपटीहून जास्त भार चढवलाय. ब्रिज उपटून निघाला तर टॉपचे धागे सोबत घेऊन निघेल. कुठे राहता? पुण्यात असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी घेऊन या. सरस गरम करून ठेवतो.

नवशिक्या_23

ढिल्या केल्या. हडपसर. व्यनि केलाय.